हजेरी आणि वर्गणी

गाडगेबाबा वारीच्या दिवसांत पंढरपुरात असत. दिवसा झाडू, रात्री कीर्तन. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायला मात्र ते देवळात जात नसत. ही गोष्ट आम्हा वऱ्हाडी लोकांना फार सोयीची आहे. देऊळ टाळायचं असलं की जो तो म्हणतो, "बाबा तरी कुठं जात होते?" त्याच बाबांनी जन्मभर लोकांपुढे हात पसरून पैसा मागितला, हे मात्र कोणी आठवत नाही.

देव मानायचा तर देवळात किंवा चर्चमध्ये गेलंच पाहिजे का, आणि गेलं तर पेटीत काही टाकलंच पाहिजे का? मी हा प्रश्न कॅशियरच्या खुर्चीतून पाहिला. माझी सगळी नोकरी अकोला जिल्ह्यातल्या बँकेत गेली. एका गावच्या संस्थानाची दानपेटी उघडायची असली की मोजायला आम्हाला बोलावणं यायचं. पंचांसमोर कुलूप निघायचं आणि पेटी सतरंजीवर उपडी व्हायची. नोटा घडीवर घडी घालून सुपारीएवढ्या केलेल्या. त्या उलगडता उलगडता बोटांची सालं निघायची. नाणी कुंकवानं लाल, तेलानं चिकट, त्यामुळे मशीनचा उपयोग नाही. मधूनच नवसाचे चांदीचे डोळे, एखादा इवलासा पाळणा, नाहीतर कोर्टातल्या खटल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. पाचशेच्या नोटा थोड्या, दहाच्याच जास्त. एकदा एका पंचानं वैतागून चिल्लर बाजूला लोटली, तेव्हा अंगण झाडणारी बाई फाडकन म्हणाली, "काहून भाऊ, देवाले चिल्लर चालत नाही का?"

चालते. हिंदू धर्मात देवळाच्या हजेरीचा पट नाही आणि देणगीचा दरही नाही. घरच्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावणारी आजी जन्मात तीर्थाला गेली नाही, म्हणून तिची भक्ती कोणी कमी धरत नाही. इतरांकडे नियम जास्त स्पष्ट आहेत. मुसलमान पुरुषांना जुम्म्याची नमाज जमातीसोबत पढायची असते आणि ऐपत असलेल्यानं वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात काढायची असते. ती जकात मुळात गरिबांची, मशिदीच्या बांधकामाची नव्हे.

ख्रिस्ती लोकांचं मला आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्यामुळे कळलं. अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात अलायन्स मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. हा त्यांच्यातलाच. पगार झाला की दहावा हिस्सा पाकिटात घालून तो बाजूला ठेवायचा. मी एकदा खोडसाळपणे विचारलं, "दशमांश मूळ पगारावर की कापून हातात येतो त्यावर?" तो हसून म्हणाला, "यावर आमच्यातही भांडणं आहेत." मग त्यानं नीट सांगितलं. दशमांशाचा नियम जुन्या करारातला. लेवी घराण्याला वाट्याची जमीन नव्हती, उपासनेचं काम त्यांच्याकडे होतं, त्यांचं पोट त्यावर चालायचं. नव्या करारात पौल मात्र टक्केवारी सांगत नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवून, खुशीनं द्यावं, एवढंच तो म्हणतो. हजेरीबद्दल इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात आग्रह आहे की एकत्र जमणं सोडू नका. "पण मी पत्र वाचून जात नाही," तो म्हणाला. "बायको दवाखान्यात होती तेव्हा मंडळीतल्या घरांनी पाळ्या लावून डबे आणले. मी दर रविवारी तिथं दिसत नसतो, तर कोणाला कळलं असतं?"

मला वाटतं, हजेरीचा खरा हिशेब इथं आहे. देवाला तुमची गरज नसेल, शेजारच्या बाकावरच्याला असू शकते.

आता बाबांकडे परत. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव, साल 1876. लहानपण गेलं मूर्तिजापूरजवळ दापुरीला, मामाकडे. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत लोक चिखलातून नदीत उतरत, तिथं त्यांनी घाट बांधवला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या. या सगळ्याला लोकांचाच पैसा लागला. त्यांनी तो मागितला, विश्वस्त नेमून त्यांच्या हाती दिला आणि स्वतः खापराच्या तुकड्यात भाकरी खात राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आज मुंबईला टाटा रुग्णालयात कॅन्सरचा पेशंट घेऊन जाणारा गरीब वऱ्हाडी माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता विचारतो. शेंदूर आणि नारळावरच्या खर्चाला कीर्तनात फैलावर घेणारा माणूस दानाच्या विरोधात नव्हता. पैसा दगडापाशी थांबतो की माणसापर्यंत पोचतो, एवढंच तो पाहायचा.

"देवळात जायची गरज नाही" असं ऐटीत म्हणणाऱ्यांनी आणखी एक आठवावं. अमरावतीच्या अंबादेवीचं दार अस्पृश्यांना बंद होतं. ते उघडावं म्हणून इथं चळवळ झाली आणि नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पंजाबराव देशमुखही या लढ्यात होते. प्रश्न दर्शनाचा कमी, माणूस म्हणून उभं राहण्याचा जास्त होता. न जाण्याची चैन ज्याला जाता येतं त्यालाच परवडते.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे देवळांची दारं सगळ्यांनाच बंद झाली. ती दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली, पुन्हा मिटली आणि अखेर 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेला उघडली. एवढ्या काळात कोणाची श्रद्धा आटली असं मला तरी दिसलं नाही. देवळाबाहेरचे हारवाले, नारळवाले मात्र पार कोलमडले.

तेव्हा माझं मत सरळ आहे. श्रद्धेला हजेरीही लागत नाही आणि वर्गणीही नाही. पण जी जागा दहा माणसं आपली म्हणून वापरतात तिचं वीजबिल येतं, पुजाऱ्याला किंवा पाळकाला पोट असतं, आणि तो खर्च वापरणाऱ्यांनीच उचलायला हवा. घरात उसनवारी करून मात्र देऊ नका. आणि न दिल्यास कोप होईल असं कोणी म्हणालं, तर तिथं एक रुपयाही टाकू नका.

देत असाल तर पावती घ्या. देऊळ असो की चर्च, सार्वजनिक विश्वस्त संस्थेला 1950 च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. वार्षिक सभेत उठून ताळेबंद मागा. विश्वस्त नाराज होतील, होऊ द्या.