कोपऱ्यातले नाव

मराठीच्या तासाला पक्ष्यांवर निबंध लिहून घ्यायचा होता. व्हॉट्सॲपवर आलेले पक्ष्यांचे एक व्यंगचित्र मला फार आवडले. मी त्याच्या तीस प्रती काढल्या. कागदावर नीट बसावे म्हणून खालची पट्टी कापून टाकली. वर्गात वाटल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, हे कुणी काढलंय? खाली अर्धं अक्षर दिसतंय."

माझ्याकडे उत्तर नव्हते. ही मुलगी स्वतः छान चित्रे काढते आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव लिहिते. ते नाव मी कापले असते तर तिला काय वाटले असते?

घरी लेकीला सांगितले. तिने ते चित्र फोनवर शोधले आणि पाच मिनिटांत म्हणाली, "अम्मी, हे तर आपल्या नागपूरचे आहेत!"

ते होते रोहन चक्रवर्ती. शिक्षणाने दंतवैद्य. नागझिऱ्याच्या जंगलात दिसलेल्या एका वाघिणीने त्यांना वेड लावले आणि दवाखान्याऐवजी त्यांनी कुंचला धरला. 2010 मध्ये त्यांनी इंटरनेटवर 'ग्रीन ह्यूमर' ही मालिका सुरू केली. प्राणी, पक्षी, बेडूक, साप तिच्यात माणसांसारखे बोलतात. हसता हसता जंगलतोड आणि प्रदूषण यांबद्दलही सांगून जातात. पुढे वर्तमानपत्रांनी ही चित्रे छापली. 2019 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 'बर्ड बिझनेस' हे त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक काढले. आपल्याच जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला थंडीत पक्षी पाहायला जाणाऱ्या मुलांना ते नक्की आवडेल.

लेकीने आणखी एक नाव दाखवले, हुदा फाहमी. अमेरिकेतल्या हिजाब घालणाऱ्या या बाई आधी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. रोज लोक विचारत असलेल्या विचित्र प्रश्नांवर त्यांनी 2017 पासून इन्स्टाग्रामवर छोटी चित्रे टाकायला सुरुवात केली. चिडण्याऐवजी हसवून उत्तर दिले. 2018 मध्ये पहिले पुस्तक आले आणि 2023 मध्ये त्यांचे एक पुस्तक अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचले. आमच्या घरी त्यांची चित्रे पाहून आम्ही मायलेकी पोट धरून हसलो, कारण त्यातले काही प्रश्न आम्हालाही विचारले गेले आहेत.

या दोघांनाही सुरुवातीला वाचक मिळाले ते फोनच्या पडद्यावर. पण तिथे पाहणे फुकट असते. चित्रकाराचे पोट चालते ते पुस्तक विकले गेले, वर्तमानपत्राने मानधन दिले किंवा कुणी काम सांगितले तर. नाव कापलेले चित्र हजार फोनांवर फिरले तरी त्याला एक रुपया मिळत नाही, आणि शोधणाऱ्याला तो सापडतही नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. चित्र काढणाऱ्याचा घाम दिसत नाही, एवढाच फरक.

कायदाही हेच सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढले की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. शिकवण्यासाठी शिक्षकाला सवलत आहे, पण हे चित्र माझे आहे असे म्हणण्याचा कलाकाराचा हक्क कलम 57 ने वेगळा जपला आहे.

मग आपण घरी काय करू शकतो? चित्र पुढे पाठवताना नावासकट पाठवावे. नाव नसेल तर मुलांकडून शोधून घ्यावे, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले जमते. आवडलेल्या कलाकाराला दोन ओळी लिहाव्यात. ईदीच्या पैशांतून वर्षाला एक पुस्तक विकत घ्यावे, किंवा शाळेच्या वाचनालयाला मागवायला सांगावे. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी यांसाठी नेटवरचे चित्र उचलण्यापेक्षा गावातल्या एखाद्या पोराला पैसे देऊन काम सांगावे.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गाची माफी मागितली, फळ्यावर चित्रकाराचे नाव लिहिले आणि 'बर्ड बिझनेस' मागवले. पालकसभेला त्या मुलीचे अब्बू आले. कांद्याच्या मार्केटमध्ये हमाली करतात. पुस्तक उलटून त्यांनी आधी किंमत पाहिली.

"टीचर, चित्रं काढून घर चालतं का?"

खोटे बोलवले नाही. "सगळ्यांचं नाही चालत, भाईजान. ज्यांचं काम लोक विकत घेतात, त्यांचं चालतं. शिक्षण मात्र सुटता कामा नये."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग भिंतीवर लावलेल्या मुलांच्या चित्रांकडे गेले आणि एकेका चित्राचा कोपरा वाकून पाहू लागले. लेकीचे नाव सापडल्यावर थांबले.

"हे तिनं काढलंय?" त्यांनी विचारले. आणि खिशातून फोन काढून त्या चित्राचा फोटो घेतला, नावासकट.