गोठ्यातील जंतू आणि नवे औषध

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात, गिरणेच्या खोऱ्यात देवळा तालुका वसलेला आहे. कांदा, बाजरी, मका आणि डाळिंब ही येथील पिके. परंतु केवळ पिकांवर येथील शेतकऱ्याचे भागत नाही. पावसाचा भरवसा नाही आणि कांद्याच्या भावाचा तर त्याहून नाही. म्हणून दारापुढे दोनचार गाईम्हशी, कोपऱ्यात शेळ्या आणि अंगणात कोंबड्या असा परिवार घरोघर आढळतो. मळ्यातील वस्तीवर तर माणसे, जनावरे आणि बाग ही सारी एकाच विहिरीच्या पाण्यावर जगतात. गोठ्यातील शेण उकिरड्यात जाते, उकिरड्यातील खत शेतात जाते आणि शेतातील वैरण पुन्हा गोठ्यात येते. हे चक्र पिढ्यान् पिढ्या फिरत आले आहे. या चक्राबरोबर डोळ्यांना न दिसणारे जंतूही फिरत असतात.

त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, किंबहुना उपकारकच असतात. काही मात्र रोग निर्माण करतात. दुभत्या गाईला होणारा दगडी हा रोग शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पशुवैद्य त्यास स्तनदाह म्हणतात. गाईची कास सुजते, दगडासारखी टणक होते आणि दुधात गाठी येऊ लागतात. हा रोग अनेक प्रकारच्या जंतूंमुळे होतो. त्यांपैकी एक प्रमुख जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता हे गोल जंतू द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांस चिकटलेले दिसतात. त्यांच्या नावातील पहिल्या शब्दाचे मूळ द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे, आणि दुसऱ्याचा अर्थ सोनेरी असा आहे. नाव असे देखणे असले तरी गुण मात्र तसे नाहीत. हाच जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात वस्ती करून असतो. माणसाला होणारे गळू, चिघळणारी जखम ही पुष्कळदा त्याचीच करणी असते. आणि तो रक्तात शिरला तर प्राणावर बेतते. धार काढणाऱ्याच्या हातावरून तो कासेला जातो व कासेवरून हाताला येतो. गोठा आणि घर यांमधील भिंत त्याला अडवू शकत नाही.

अशा जंतूंचा नाश करणाऱ्या औषधांस प्रतिजैविके म्हणतात. पेनिसिलिनचा शोध 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. त्याबद्दल 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच त्यांनी एक इशारा देऊन ठेवला होता. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला तोंड देण्यास शिकतात, असे त्यांनी सांगितले. पुढे घडले ते असेच.

जंतू शिकतात म्हणजे काय होते? अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुभंगतात. एकाचे दोन, दोहोंचे चार होतात. या हिशेबाने दहा तासांत एका जंतूचे शंभर कोटींहून अधिक जंतू होतील. एवढ्या प्रचंड संख्येत एखाद्याच्या रचनेत योगायोगाने असा बदल होतो की, औषध त्याच्यावर चालत नाही. गाईला जरा बरे वाटताच इंजेक्शने थांबवली, किंवा माणसाने दोन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या टाकून दिल्या, म्हणजे दुबळे जंतू तेवढे मरतात आणि हा एक चिवट जंतू उरतो. मग सारे रान त्याचेच. शिवाय औषधाला दाद न देण्याची ही विद्या काही जंतू एका लहानशा वर्तुळाकार जनुकसूत्रात जपून ठेवतात आणि शेजारच्या, अगदी निराळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. कोंबडीच्या आतड्यातील जंतूने कमावलेले ज्ञान अशा रीतीने माणसाच्या आतड्यातील जंतूला आयते मिळू शकते.

कोलिस्टिन या औषधाची कथा या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. हे जुने औषध मूत्रपिंडास अपाय करते म्हणून डॉक्टरांनी जवळजवळ बाजूला ठेवले होते. पुढे इतर औषधे निष्प्रभ ठरू लागली, तेव्हा अत्यवस्थ रोग्यांसाठी शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा हाती घ्यावे लागले. परंतु त्याच सुमारास अनेक देशांत कोंबड्या व डुकरे लवकर वाढावीत म्हणून तेच औषध त्यांच्या खाद्यात कालवले जात होते. 2015 साली चीनमधील संशोधकांना कोलिस्टिनला दाद न देणारे जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णालयातील माणसांतही आढळले. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्योपयोगी जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. कोंबडीचे वजन थोडे वाढावे म्हणून माणसाचे शेवटचे औषध खर्ची घालणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात महागच होता.

गोठ्यात घडले तेच बागेतही घडले. चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत डाळिंबावर तेल्या रोग पसरला आणि नाशिक जिल्ह्यातील कित्येक बागा उजाड झाल्या. हा रोगही जंतूंमुळेच होतो. तेव्हा बागाईतदार स्ट्रेप्टोसायक्लीन नावाची, लहान पुडीत मिळणारी भुकटी पाण्यात मिसळून झाडांवर फवारू लागले. त्या भुकटीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन प्रतिजैविके होती, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे तर माणसाच्या क्षयरोगावरील पहिले परिणामकारक औषध! डोळ्यांदेखत बाग जळत असता शेतकऱ्याने मिळेल तो उपाय केला, यात त्याला बोल लावणे न्याय्य होणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने या औषधांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला.

ही भुकटी तयार होत असे पुण्याजवळील पिंपरी येथे, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने 1954 साली स्थापन झालेल्या या कारखान्याने देशातच पेनिसिलिन बनवण्यास आरंभ केला. तेथे नव्या औषधांचा शोधही चाले. औषधांचा शोध त्या काळी बहुधा मातीत घेतला जाई. कारण मातीतील जंतू व बुरश्या परस्परांशी झगडताना जी विषे सोडतात, त्यांतूनच बहुतेक प्रतिजैविके मिळाली आहेत. स्ट्रेप्टोमायसिन देणारे जंतू 1943 साली अमेरिकेत सापडले, तेही खत घातलेल्या शेताच्या मातीत आणि एका कोंबडीच्या घशात. पिंपरीच्या मातीत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असाच एक जंतू सापडला. गावाच्या नावावरून त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले. त्याच्यापासून 1961 च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीच्या रोगांवरील औषध मिळाले. एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने विज्ञानाच्या ग्रंथांत गेले.

पुढे मातीतून सहज सापडणारी औषधे संपत आली. तीच ती द्रव्ये पुन्हा पुन्हा हाती येऊ लागली. तेव्हा जुन्या औषधांच्या रचनेत फेरफार करून जंतूंच्या नव्या युक्त्यांवर मात करण्याचा मार्ग शास्त्रज्ञांनी धरला. छत्रपती संभाजीनगर येथील वोक्हार्ट कंपनीच्या संशोधन केंद्राने हेच काम हाती घेतले. वर वर्णिलेल्या द्राक्षघडासारख्या जंतूच्या ज्या हट्टी जाती मेथिसिलिनसारख्या औषधांना जुमानत नाहीत, त्यांवर तेथे लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन हे औषध तयार झाले. हे जंतू आत शिरलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकतात. नव्या औषधाची घडण अशी आहे की, हा पंप त्याला उचलू शकत नाही. शिवाय पू झालेल्या जागी आंबटपणा वाढून इतर काही औषधे मंदावतात. हे मात्र तेथे अधिकच जोमाने काम करते. 2020 साली त्याला भारतात मान्यता मिळाली. त्याच केंद्रातील नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील औषध नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राला ते एकाऐवजी दोन ठिकाणी पकडते, म्हणून एक पकड सुटली तरी दुसरी टिकते. दिवसाला एक मात्रा याप्रमाणे त्याचा क्रम तीन दिवसांचा आहे. या एका औषधासाठी सुमारे चौदा वर्षे खर्ची पडली.

एवढे श्रम करून औषध तयार झाले, तरी एक विचित्र अडचण उभी राहते. इतर कोणताही माल जितका अधिक खपेल तितका बरा. नवे प्रतिजैविक मात्र जितके कमी वापरावे तितके अधिक दिवस टिकते. डॉक्टर ते राखून ठेवतात, आणि राखून ठेवलेल्या मालावर कारखाना चालत नाही. जगातील कित्येक मोठ्या कंपन्यांनी याच कारणाने हे संशोधन सोडून दिले. म्हणून अशा कामास सरकारी पैशाचा आधार लागतो. नॅफिथ्रोमायसिनलाही तो मिळाला होता.

नवी औषधे अशी विरळ असल्यामुळे जुनी जपून वापरणे भाग आहे, आणि त्याची सुरुवात गोठ्यापासून होते. दगडी झालेल्या गाईला औषध टोचण्यापूर्वी तिच्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. तेथे खळीसारख्या थरावर त्यातील जंतू वाढवतात व त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. जे औषध गुणकारी असेल त्याच्या चकतीभोवती दुसऱ्या दिवशी जंतूंवाचून मोकळे असे गोल कडे दिसते. उपचार चालू असता आणि त्यानंतरही पशुवैद्य सांगेल तितके दिवस त्या गाईचे दूध डेअरीत घालावयाचे नसते. ज्या चकतीभोवती कडे पडत नाही, ते औषध त्या गाईच्या उपयोगाचे नसते; आणि तिची धार काढणाऱ्याच्या हाताची जखम त्याच जंतूने चिघळली, तर ते त्याच्याही उपयोगाचे नसते.