मूल वाचताना अडखळते?

दुसरीतले मूल चुणचुणीत असते, ऐकलेली गोष्ट घडाघडा सांगते. पण पुस्तक समोर धरले की अडखळते. घरचे त्याला आळशी ठरवतात. तसे समजू नये. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. मग खेळ म्हणून विचारावे : ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘पान’शी जुळणारा शब्द कोणता? वर्षभर शिकवूनही हे जमत नसेल, अक्षरे ध्यानात राहत नसतील, मूल उशिरा बोलू लागले असेल किंवा घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर धोका अधिक. एवढ्यावरून निदान होत नाही, पण मदत लगेच सुरू करता येते. अक्षर व त्याचा आवाज यांची सांगड घालणारा सराव रोज थोडा घ्यावा. टॉनिकचा इथे उपयोग नाही (पालक हमखास मागतात!). फरक न पडल्यास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.