‘पीबी’चा ध्यास आणि धावण्याचा आनंद

मॅरेथॉन ३ तास ५९ मिनिटांत पूर्ण झाली काय किंवा ४ तास १ मिनिटात झाली काय, शरीराच्या दृष्टीने त्यात काही फरक नाही. धावणाऱ्याच्या मनाला मात्र ही दोन मिनिटे डोंगराएवढी वाटतात. अमेरिकेतील काही अर्थतज्ज्ञांनी मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या सुमारे ९८ लाख नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा ठरावीक आकड्यांच्या जरा अलीकडे धावपटूंची गर्दी झालेली त्यात दिसली. आकडा ओलांडताच ही गर्दी एकदम ओसरत होती. आकडा हाताशी आलेला धावपटू शेवटच्या दोन किलोमीटरमध्येही वेग टिकवतो आणि तो हुकलेला धावपटू सैलावतो, हे त्यामागचे एक कारण.

स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ म्हणजे ‘पर्सनल बेस्ट’. धावणाऱ्यांच्या बोलीत ‘पीबी’. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील हाफ मॅरेथॉनपासून जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनपर्यंत राज्यात शर्यतींचा हंगाम चालतो, तेव्हा धावण्याच्या प्रत्येक ग्रुपवर याच शब्दाची चर्चा असते. समोर लक्ष्य असले की पहाटे साडेचारला उठायला कारण मिळते, सराव नियमित होतो, खाण्यापिण्याकडे लक्ष राहते. म्हणून ध्येय ठेवणे चांगलेच. पण शर्यत पूर्ण केलेला माणूस गळ्यातल्या मेडलकडे न पाहता मनगटावरचे घड्याळ पाहून खट्टू होऊ लागला, तर कुठे तरी गणित चुकते आहे असे समजावे.

सुरुवातीची झेप कायम राहत नाही

नव्याने धावू लागलेल्याची प्रगती झपाट्याने होते. काही महिन्यांच्या सरावाने हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्याही वाढते. त्यामुळे पहिली हाफ मॅरेथॉन पावणेतीन तासांत पूर्ण करणारा दुसऱ्या वर्षी अडीच तासांवर येऊ शकतो. तीच सवय मनाला लागते आणि प्रत्येक शर्यतीत वेळ कमी व्हायलाच हवी असे वाटू लागते.

शरीर मात्र त्या हिशेबाने चालत नाही. सोपी सुधारणा आधी होऊन जाते. नंतर एकेका मिनिटासाठी कित्येक आठवड्यांचा सराव लागतो. त्यात वयाचा भाग येतो. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित व्यायामाने ही घसरण मंदावते, पण थांबत नाही. आपल्याकडे अनेक जण चाळिशीत, मधुमेहाचा किंवा वजनाचा धसका घेऊन धावायला लागतात. पहिली काही वर्षे सरावाचा फायदा वयाच्या घसरणीला मागे टाकतो आणि मग एक दिवस दोन्ही बरोबरीला येतात. धावण्याचा सगळा आनंद ‘पीबी’वरच बेतलेला असेल, तर तो या टप्प्यावर संपतो. मग माणूस एक तर धावणे सोडतो, नाही तर शरीराला झेपणार नाही इतके ताणतो.

हवा आणि चढ यांचाही वाटा

शर्यतीतली वेळ एकट्या धावपटूच्या हाती नसते. मॅरेथॉनसाठी साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासची कोरडी, थंड हवा उत्तम मानली जाते. तापमान वाढले की अंग थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा हिस्सा त्वचेकडे वळतो आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतो. घामामुळे रक्तातील पाणी घटते. तोच वेग राखायला हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते. मुंबईसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंगही नीट थंड होत नाही. अशा हवेत चार मिनिटे जास्त लागणारा धावपटू थंड हवेतल्या स्वतःपेक्षा मुळीच कमी पडलेला नसतो.

साताऱ्याच्या घाटातील वेळेची तुलना सपाट रस्त्यावरच्या वेळेशी करणेही तितकेच व्यर्थ. घाटात घड्याळातल्या वेगापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. चढावर पावले आखूड करावीत, उतारावर गुडघ्यांना सांभाळावे.

ध्यास अंगाशी येतो तेव्हा

वेळ कमी करण्याच्या घाईत सर्वांत आधी विश्रांतीला कात्री लागते. सगळेच दिवस जोरात धावले जातात. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद लागणे, झोप उडणे, चिडचिड, वारंवार सर्दी-खोकला, त्याच सरावात वेळ उलट वाढणे ही अतिसरावाची लक्षणे आहेत. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. वजन कमी ठेवण्यासाठी पोट मारून धावणाऱ्या स्त्रियांची पाळी लांबली किंवा बंद झाली, तर शरीराला ऊर्जा पुरत नसल्याचा तो स्पष्ट इशारा समजावा. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास हाडे ठिसूळ होतात.

दुखणे दाबून धावण्यासाठी शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धतही धोक्याची आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. त्यात घामाने शरीर कोरडे पडले असेल तर मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती वाढते. तापात किंवा ताप नुकताच उतरलेला असताना, ‘एवढा सराव वाया कसा घालवायचा’ म्हणून धावणेही टाळावे. विषाणूसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल, तर जोराचा श्रम जिवावर बेतू शकतो.

पाणी जास्त पिणेही घातक ठरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढण्याइतके पाणी पिणाऱ्यांत आणि चार तासांहून अधिक वेळ लागणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होते. तहान लागेल तसे पाणी प्यावे.

हृदयाचा प्रश्न

धावताना हृदय बंद पडल्याची बातमी आली की घरोघरी धास्ती पसरते. प्रत्यक्षात हे प्रमाण फार कमी आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांमध्ये ५९ जणांचे हृदय बंद पडले होते. हाफपेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये हे प्रमाण जास्त होते. बरेचसे प्रसंग शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घडले. २०१० ते २०२३ या पुढच्या काळाच्या अभ्यासात हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आले. कारण कळू शकले अशा रुग्णांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार सर्वाधिक आढळला.

हा आजार भारतीयांमध्ये तुलनेने कमी वयात दिसतो, हे इथे विसरून चालणार नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा इतिहास असणाऱ्यांनी मोठ्या शर्यतीच्या तयारीआधी तपासणी करून घ्यावी. ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट चांगली आली म्हणजे कायमची हमी मिळाली असे होत नाही. धावताना छातीवर दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबावे आणि मदत मागावी. अंतिम रेषा दोनशे मीटरवर दिसत असली आणि ‘पीबी’ हाताशी आलेली असली, तरीही थांबावे.

आरोग्याचा हिशेब घड्याळावर नाही

आता दिलासा देणारी गोष्ट. अमेरिकेतील ५५,१३७ प्रौढांचा सरासरी १५ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. न धावणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्के कमी दिसला. रोज पाच-दहा मिनिटे, तेही ताशी साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने धावणाऱ्यांनाही हा लाभ दिसून आला. म्हणजे ज्या कारणासाठी बहुतेकांनी धावायला सुरुवात केली, ते कारण रमतगमत धावूनही साध्य होते. त्यासाठी महत्त्वाचे आहे ते वर्षानुवर्षे धावत राहणे. आणि ज्यात मन रमते, तेच माणूस वर्षानुवर्षे करतो.

दोन्ही साधायचे कसे?

वर्षात एक किंवा दोनच शर्यती वेळेसाठी निवडाव्यात. शक्यतो सपाट मार्गाच्या आणि थंड हवेतल्या. बाकीच्या शर्यती मोकळ्या मनाने धावाव्यात. पहिल्यांदाच उतरणाऱ्या मित्राला सोबत करावी, एखादी शर्यत घड्याळ न घालता धावून पाहावी, वाटेत संत्र्याची फोड घेऊन उभ्या असलेल्या मुलांसाठी दोन क्षण थांबावे.

वेळेसाठीच्या शर्यतीतही एकच आकडा डोक्यात ठेवू नये. सगळे जुळून आले तर गाठायची वेळ, सरावावरून सहज वाटणारी वेळ आणि काहीही झाले तरी सुखरूप पूर्ण करणे, अशी तीन ध्येये आधीच ठरवावीत. सकाळी हवा दमट वाटली, रात्री झोप झाली नाही, पोट बिघडले तर सुरुवातीच्या रेषेवरच दुसरे किंवा तिसरे ध्येय धरावे. यात हार मानण्यासारखे काही नाही.

सुरुवात आवरती ठेवावी. स्नायू आणि यकृतातील साखरेचा साठा साधारण ३० किलोमीटरपर्यंत पुरतो. सुरुवातीला जोर केला की तो लवकर संपतो आणि पुढचा रस्ता संपता संपत नाही. पहिल्या टप्प्यात शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, तर वेग योग्य आहे. सरावातही हेच सूत्र ठेवावे. जागतिक दर्जाचे धावपटूसुद्धा सरावाचा सुमारे ८० टक्के भाग सोप्या वेगाने करतात. हौशी धावपटू मात्र रोजचा सराव शर्यतीसारखा करतो आणि शर्यतीच्या दिवशी थकलेला असतो.

शर्यत संपल्यावर ग्रुपवर टायमिंगचा स्क्रीनशॉट टाकण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. आज धावताना बरे वाटले का? आणि उद्या-परवा पुन्हा बूट बांधावेसे वाटतील का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर शर्यत चांगली झाली. लागोपाठ दोन-तीन शर्यतींनंतर ते ‘नाही’ येत असेल, तर पुढच्या शर्यतीचे शुल्क भरण्याआधी काही आठवडे नुसते मजेसाठी धावावे.