खाडा धरणार का?

शाळांना सुट्टी लागली की आमच्या नेरुळच्या इमारतीत जिन्यावर एकच विषय असतो. पार्कला कधी जायचे? आमच्या पिढीला पार्क म्हणजे १९८९ साली गोराईला सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड ठाऊक. बोटीतून जायचे, पाळण्यात बसून ओरडायचे आणि संध्याकाळी उन्हाने रापून परत यायचे. २०२२ पासून ते बंद आहे. आता मुले इमॅजिकाचे नाव घेतात. ते खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झाले. नवी मुंबईकरांना ते सोयीचे, कारण कळंबोलीहून एकदा द्रुतगती मार्गाला लागले की निम्मे काम झालेच.

पूर्वी खिडकीशी रांग लावून तिकीट काढत. आता मुलगा मोबाइलवर काढतो, आणि तिकीट काढताना अशा ठिकाणी बहुधा एक प्रश्न समोर येतो: जेवणासकट हवे की जेवणाविना? जेवणासकट घेतले तर नाश्ता, दुपारचे जेवण, कधी संध्याकाळचा चहा, सगळ्याचे पैसे आगाऊ. बहुतेक पार्कांत घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून आपणही फार विचार न करता 'हो' म्हणून टाकतो. आज मला या एका 'हो'बद्दल बोलायचे आहे.

आगाऊ जेवण ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गिरणगावात कामगार महिन्याचे पैसे भरून खानावळीत जेवत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. वाशीतली मंडळाची वास्तू नवी मुंबईकरांच्या परिचयाची आहे. मी स्वतः बी. ए.ला असताना सांगलीत एका मावशींच्या खानावळीत जेवत असे. पैसे पहिल्या तारखेला द्यायचे. पण भिंतीवर एक वही टांगलेली असे, खाड्यांची. गावी गेलो, आजारी पडलो, तर आदल्या दिवशी सांगायचे. मावशी त्या दिवसाचा खाडा मांडत आणि पुढच्या महिन्यात तेवढे पैसे वजा करत. रमजानमध्ये तर माझे दुपारचे सगळे खाडे त्या न सांगता मांडत, आणि मगरिबनंतर ताट झाकून ठेवलेले असे.

पार्कच्या आगाऊ जेवणात ही वही नसते. तुम्ही जेवलात तर जेवण तुमचे, न जेवलात तर पैसे त्यांचे. त्यामुळे सगळा हिशेब एका प्रश्नाशी येऊन थांबतो. आपल्या घरातल्या माणसांचे खाडे किती पडणार?

मला हे कळले ते ठेच लागल्यावर. काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजण एका पार्कला गेलो होतो. पार्कचे नाव सांगत नाही, कारण चूक मुख्यतः आमची होती. मी, पत्नी, मुलगा, मुलगी, माझी थोरली बहीण म्हणजे आपा, आणि आपाचा सात वर्षांचा नातू. मोठ्यांचे माणशी सातशे, लहानाचे पाचशे, असे चार हजार रुपये आगाऊ भरले.

आता बघा काय झाले. पत्नीने पहाटे उठून घरीच नाश्ता खाऊ घातला होता. त्यामुळे पार्कातल्या नाश्त्याला फक्त मुलगा आणि मुलगी गेली. दुपारचे जेवण एक वाजता सुरू होणार होते आणि आपाची जेवणाची वेळ साडेबाराची. तिला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. एक वाजता गेलो तर रांग दारापासून पार कारंज्यापर्यंत. शेजारीच एका टपरीवर दहीभात मिळत होता. आपा म्हणाली, "मी तोच खाते." मी म्हणालो, "आपा, पैसे भरलेत ना आपण, दहा मिनिटांत नंबर लागेल."

दहाची चाळीस मिनिटे झाली. आपाचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला, बोलणे तुटक झाले. मुलीच्या लक्षात आले. तिने पर्समधली साखर आपाच्या तोंडात घातली, मुलाने धावत जाऊन सरबत आणले. पंधरा-वीस मिनिटांत ती सावरली. मग दहीभातच खाल्ला. माझ्या घशाखाली मात्र त्या दिवशी घास उतरेना.

संध्याकाळी घरी हिशेब केला. पार्कातल्या फलकावर सुट्या किमती लिहिलेल्या होत्या, मुलीने त्यांचा फोटो काढला होता. दोन नाश्ते तीनशेचे, चार जेवणे सोळाशेची, दोघांचा चहा-फराळ दोनशे चाळीसचा. एकूण दोन हजार एकशे चाळीस. म्हणजे चार हजारांतले जवळजवळ एकोणीसशे रुपये खाड्यात गेले. नातवाने ताटाला हात लावला नाही, त्याला बटाट्याचे फ्राइज आणि आइस्क्रीम हवे होते. ते आणि आपाचा दहीभात-सरबत मिळून वर सहाशे गेले. आम्ही मांसाहारी जेवणाचे पैसे भरले होते, पण मटण-चिकन हलाल आहे का, याचे ठाम उत्तर तिथे कोणी देऊ शकले नाही, तेव्हा वरण-भात आणि भाजीवर भागवले. ही चौकशी मी घरूनच फोनवर करायला हवी होती.

पैशांचे दुःख दोन दिवसांत ओसरले. राहिले ते दुसरेच. दहीभात हाताच्या अंतरावर होता. मी आपाला थांबवले, ते केवळ कुपन वाया जाऊ नये म्हणून. पैसे तर आधीच गेलेले होते. आपा थांबली काय, न थांबली काय, ते परत येणार नव्हते. तरी त्या भरलेल्या पैशांनी मला समोरची भूक दिसू दिली नाही. आगाऊ जेवणाचा खरा धोका हा आहे.

याचा अर्थ असे जेवण कधीच घेऊ नये, असा नाही. तरुण पोरापोरींचा गट, सकाळी दार उघडताना आत जाणार आणि रात्री बाहेर पडणार, मिळेल ते खाणार, त्यांचे खाडे कमी पडतात. सोसायटीची किंवा बचत गटाची सहल असेल, तर कोणी किती खाल्ले याचा वाद टळतो. पार्कशेजारच्या हॉटेलात मुक्काम असेल तर हॉटेलवाल्यांची भाषा समजून घ्यावी. 'ईपी' म्हणजे नुसती खोली, 'सीपी' म्हणजे खोली आणि नाश्ता, 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक वेळचे जेवण, 'एपी' म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणे. दिवसभर पार्कात राहणाऱ्याने 'एपी' घेतले तर हॉटेलातले दुपारचे ताट रोज खाड्यात जाते. अशा वेळी रात्रीच्या जेवणाचे 'एमएपी' पुरते.

नवी मुंबईतली कितीतरी मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे जाणारे आईवडील फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्डही बघून येतात. तिथेही ही योजना आहे. करोनामुळे २०२० साली ती थांबली होती, जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. डिस्नेच्या हॉटेलात मुक्काम करणाऱ्यांसाठी ती असते, आणि घ्यायची तर बरोबरच्या तीन वर्षे व त्यावरील प्रत्येकाची घ्यावी लागते. मुक्कामात ठरावीक जेवणे मिळतात, ती कोणत्याही दिवशी वापरता येतात, म्हणजे आज चुकलेले उद्या जेवता येते. पण निघण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी बाद. खाड्याची वही तिथे आहे, पण ती मुक्कामापुरतीच.

तर मंडळी, तिकीट काढण्यापूर्वी एक कागद घ्या. डावीकडे घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. पुढे तो माणूस त्या दिवशी खरोखर काय खाईल ते लिहा, काय खायला हवे ते नव्हे. त्यापुढे सुटी किंमत मांडा, ती पार्कला फोन करून कळते. बेरीज योजनेपेक्षा बरीच जास्त आली तर योजना घ्या. थोडीच जास्त आली तर सोडून द्या, कारण सहलीत एक-दोन खाडे पडतातच. पाऊस येतो, लहान मूल झोपते, कोणाची चतुर्थी निघते.

फोनवर आणखी काही विचारा. जेवणाची वेळ कोणती, आणि एकाच ठिकाणी की कुठल्याही उपाहारगृहात? एकाचे कुपन दुसऱ्याला चालते का? बाटलीबंद पाणी आणि जीएसटी त्यात धरला आहे का? जैन, उपासाचे किंवा हलाल जेवण मिळेल का? पार्क बंद राहिले तर पैसे परत मिळतात का? आणि आजारी माणसासाठी थोडे खाणे आत नेता येईल का? सेवा शुल्क मागितले तर ते सक्तीचे नाही हे लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेले आणि उपाहारगृहांसाठी तसे मार्गदर्शन केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले.

आणि एवढे करून कुपन घेतलेच, तर ते खिशात ठेवा, डोक्यात ठेवू नका. घरचे माणूस भूक लागली म्हणाले की जवळ मिळेल ते खाऊ द्या.

मागच्या वर्षी नातवाच्या हट्टाने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जेवणाविना तिकिटे काढली. औषधाबरोबर लागणाऱ्या आपाच्या छोट्या डब्याबद्दल आधीच विचारून घेतले होते. बारा-पंचविसाला एका झाडाखाली बसून तिने पोळी-भाजी खाल्ली. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काय रे, त्या वेळच्या माझ्या ताटाचा खाडा धरलास का?"

धरला आहे आपा. तो वजा होत नाही, एवढेच.