रंगकाराचे नाव कुठे आहे?

चित्रकथेत रेषा गोष्ट सांगते आणि रंग तिला फक्त नटवतो, हा समज किती चुकीचा आहे हे ‘बॅटमन : द किलिंग जोक’वरून कळते. ब्रायन बोलंड यांच्या या चित्रांना १९८८ मध्ये जॉन हिगिन्स यांनी भडक, अंगावर येणारे रंग दिले. २००८ मध्ये बोलंड यांनी स्वतःच तीच पाने नव्याने रंगवली आणि जोकरच्या भूतकाळातले प्रसंग जवळपास करडे ठेवून एखादीच वस्तू लालसर केली. कथा तीच, संवादही तेच, पण पहिल्यात उन्माद जाणवतो आणि दुसऱ्यात दुःख. हा फरक केवळ रंगांनी घडवला.

आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, तेव्हा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सुरुवातीच्या अंकांत निळा, पिवळा आणि हिरवा एवढ्याच रंगांवर भागवावे लागे. राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ ज्या वाचकांपुढे आला, त्यांची नजर रविवर्मा प्रेसच्या छापील देवादिकांवर आणि रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांवर तयार झालेली होती. मग कोणी म्हणेल, निळा कृष्ण आणि पिवळा पीतांबर परंपरेनेच ठरवून दिलेले, रंगकाराने वेगळे काय केले? परंपरा देवाचा रंग सांगते, त्याच्यामागच्या आभाळाचा सांगत नाही. यमुनाही तितकीच निळी रंगवली तर बालकृष्ण तिच्यात हरवून जाईल. नजर आधी कुठे थांबावी, हा निर्णय रंग भरणाऱ्याचाच असतो. त्यात जबाबदारीही आहे. असुर काळे आणि नायक गोरे रंगवण्याच्या सवयीवर झालेली टीका मला रास्त वाटते, कारण मुले ती रंगसंगती न वाचताच शिकतात.

आता संगणक लाखो छटा देतो, मग कौशल्य ते काय उरले, हा दुसरा आक्षेप. पण त्या लाखांतून चार निवडून बाकीच्या नाकारायला माणूसच लागतो. अमेरिकेतले आयस्नर पुरस्कार १९९२ पासून रंगकामाचा स्वतंत्र गौरव करतात. आपल्याकडे मात्र अहिल्यानगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी घडली. ती आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, पण तिच्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आजच्या रंगकारांबाबत तरी असे होऊ नये. मराठी प्रकाशकांनी चित्रकथेच्या पहिल्या पानावर लेखक आणि चित्रकाराबरोबर रंगकाराचेही नाव छापावे.