पहिल्या चढावानंतर

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर व्यवसाय करणारा जॉर्ज टिल्यू 1893 मध्ये मधुचंद्रासाठी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. जॉर्ज फेरिसनं तिथे उभारलेला आकाशपाळणा 264 फूट उंच होता. त्याला 36 डबे होते, एकेका डब्यात 60 माणसं मावत आणि दोन फेऱ्यांसाठी 50 सेंट मोजावे लागत. टिल्यूला तो पाळणा विकत हवा होता. तो मिळाला नाही, तेव्हा त्यानं धाकटा पाळणा बनवून घेतला, कोनी आयलंडवर बसवला आणि 1897 मध्ये स्टीपलचेस पार्क सुरू केलं. तिथल्या मुख्य खेळात यांत्रिक घोडे उतारावरच्या रुळांवरून धावत. एका घोड्यावर दोघं बसू शकत, आणि पडू नये म्हणून मागच्याला पुढच्याची कंबर धरावी लागे. कुठे फिरतं पिंप, कुठे गरगरणारी जमीन. जो तो खेळ अनोळखी माणसांनाही एकमेकांवर ढकलून देई. लोकांना यंत्राचं कुतूहल थोडं आणि एकमेकांना धरण्याचं निमित्त जास्त हवं असतं, हे टिल्यूनं ओळखलं होतं.

हे लक्षात घेतलं की जत्रेतले खेळ आणि प्रेम यांचं नातं कवींनी जोडलेलं नाही, हे उमगतं. ते कारागिरांनी लाकडात आणि लोखंडात जोडलं. प्रेम हा रोलर कोस्टर आहे, असं आज मराठीतही सहज म्हटलं जातं. उपमा म्हणून ते गोड आहे, खेळकर आहे. पण मला वाटतं, ही उपमा प्रेमाच्या फक्त सुरुवातीला लागू पडते. पुढच्या सगळ्या प्रवासाला ती लावली की नुकसान होतं, आणि तिचा बिघाड कुठे आहे ते त्या यंत्राच्या रचनेतच दिसतं.

आधी तिची खरी बाजू. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कामगार वस्त्यांमध्ये लहानशा घरांत अख्खं कुटुंब दाटीनं राहत असे. कारखान्यात आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलामुलींना भेटायला बंद दार नव्हतंच. बोगद्यातून सावकाश जाणारी नाव, आकाशपाळण्याचा वर जाऊन थांबणारा डबा, अंधारातून फिरणारी गाडी, या त्यांच्यासाठी नाण्याच्या बदल्यात मिळणाऱ्या काही मिनिटांच्या खोल्या होत्या. चाळीत वाढलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ या 1970 च्या चित्रपटाचा सगळा पेच नवविवाहितांना एकांत न मिळण्याचाच आहे, आणि आजही समुद्राकडे तोंड करून, शहराकडे पाठ फिरवून बसलेली जोडपी तोच प्रश्न सोडवत असतात. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतला 1897 चा पाळणा अजून फिरतो. ‘बिफोर सनराइज’ या चित्रपटातल्या दोघांचं पहिलं चुंबन त्याच्याच डब्यात होतं. गर्दीच्या मधोमध, गर्दीच्या वर, आणि ठरावीक वेळात जमिनीवर परत: संकोच असलेल्या दोन माणसांना याहून योग्य जागा मिळणं कठीण. जवळीक किती वेळ टिकणार हे आधीच ठाऊक असलं की ती करून पाहायचं धाडस होतं.

भीतीचंही तसंच. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या झुलत्या पुलावर झाला. पूल 450 फूट लांब, खाली 230 फुटांची दरी. पुलावरच्या पुरुषांशी एक तरुणी प्रश्नावली घेऊन बोले आणि शेवटी आपला फोन नंबर देई. नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्या मजबूत, कमी उंचीच्या पुलावर 16 जणांपैकी फक्त 2 जणांनी. आकडे लहान आहेत, त्यांवर मोठा सिद्धान्त उभारू नये, हे मान्य. पण छातीतली धडधड नेमकी कशामुळे आहे हे मन नेहमीच अचूक ओळखत नाही आणि शेजारच्या माणसाच्या खात्यावर ती जमा करून टाकतं, ही कल्पना पुढे अनेकांनी तपासली. टेक्सासमध्ये सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक यांनी तर थेट रोलर कोस्टरच्या रांगा गाठल्या. 2003 मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातला निष्कर्ष माझ्या मुद्द्याला फार जवळचा आहे. जे मित्राबरोबर किंवा परक्या माणसाबरोबर बसले होते, त्यांना उतरल्यावर छायाचित्रातली भिन्नलिंगी व्यक्ती अधिक आकर्षक वाटली. जे आपल्या जोडीदाराबरोबर बसले होते, त्यांच्यात असा ठळक फरक आढळला नाही. म्हणजे हे यंत्र नव्या ओढीला वाट करून देतं. जुळलेल्या जोडीला ते काय देतं, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

असं का असावं? कोस्टर कसा चालतो ते पाहू. लामार्कस थॉम्पसननं 1884 मध्ये कोनी आयलंडवर आणलेली गाडी ताशी सुमारे 6 मैलांनी उतरे आणि भाडं होतं 5 सेंट. माणसांना दारूच्या गुत्त्यांपासून दूर नेणारी निर्मळ करमणूक द्यावी, हा त्या धर्मनिष्ठ माणसाचा हेतू होता. त्याच्या यंत्रानं पुढे तरुणांना एकमेकांच्या मिठीत ढकललं. पुढच्या कोस्टरांत साखळी गाडीला पहिल्या चढावाच्या माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. तिथून पुढे, वाटेत आणखी ढकलणारं यंत्र नसेल, तर गाडीजवळ त्या उंचीतून मिळालेली ऊर्जाच काय ती असते, आणि रुळांचं घर्षण, वाऱ्याचा विरोध ती खात राहतात. म्हणून नंतरचा कुठलाही चढाव पहिल्यापेक्षा उंच बांधता येत नाही. ज्या जोडप्यानं मनात हीच गाडी धरली आहे, ते दहाव्या वर्षाची तुलना पहिल्या महिन्याशी करणार आणि दर वेळी हरणार. कोणी काही चुकलेलं नसतं. मोजपट्टीच उताराची असते.

कोणी म्हणेल, उपमेचा इतका कीस काढू नये. लोकांना केवळ चढउतार म्हणायचे असतात. पण उपमा गंमत म्हणून शिरते आणि अपेक्षा होऊन बसते. आज अबोला, उद्या मिठी, परवा पुन्हा भांडण असं नातं असलं की त्याला उत्कट म्हटलं जातं, आणि शांत नात्याला विझलेलं. पोटात गोळा येणं म्हणजेच प्रेम, असं मानणाऱ्या तरुण मुलीला स्वतःची अस्वस्थता ओढीसारखी भासू शकते, आणि मला ही गोष्ट गंभीर वाटते.

त्याहून गंभीर गोष्ट थांबण्याची. कोस्टरवर दांडा खाली आला, गाडी सुटली की मध्ये उतरता येत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. शरीराच्या जवळिकीला मात्र हा नियम लावणं घातक आहे. तिथे होकार दिलेल्या माणसाला कोणत्याही क्षणी नको म्हणता आलं पाहिजे, आणि ते ऐकलं गेलं पाहिजे. स्टीपलचेसमध्येच याचा वाईट नमुना होता. घोड्यांवरून उतरलेल्या जोडप्यांना एका मंचावरून बाहेर जावं लागे. तिथे जमिनीतून सुटणाऱ्या हवेच्या झोतानं बायकांचे झगे उडत, पुरुषांना विजेचा हलका झटका दिला जाई, आणि समोर बाकांवर बसलेले लोक हसत. तिकीट घोड्याचं काढलेलं होतं, उघडं पडण्याचं नाही. त्या काळातली निष्पाप मौज म्हणून याची वर्णनं होतात. मला ते पटत नाही.

जत्रेत दुसरंही एक साधन आहे, आणि ते या सगळ्यांहून फार जुनं आहे: झोका. व्रजात श्रावणात राधाकृष्णाला हिंदोळ्यावर बसवतात, रागमाला चित्रांत हिंदोल राग झोक्यावरच्या जोडीनं दाखवतात. झोक्याच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ दोरीच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही, आणि हेलकावा मोठा की छोटा यानंही त्यात फारसा फरक पडत नाही. हलका हात पुरतो. तो योग्य वेळी लागला पाहिजे. झोका परत येऊन वळला की दिलेला छोटा धक्का उंची वाढवतो, मध्येच दिलेला जोरकस धक्का ती मारतो. दोघी समोरासमोर उभ्या राहून गुडघे वाकवत झोका चढवतात, तेव्हा तर बाहेरचं कोणीच लागत नाही. इथे नंतरचा हेलकावा पहिल्यापेक्षा उंच जाऊ शकतो. आणि उतरावंसं वाटलं तर जोर थांबवायचा, वेग मंदावला की पाय टेकवायचे.

यावर खरा आक्षेप आहे तो इतिहासाचा. महाराष्ट्रात नागपंचमीचा झोका हा माहेरी आलेल्या लेकींचा आणि मैत्रिणींचा. त्यात प्रियकर नसतो. चित्रकार फ्रागोनारच्या अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध चित्रात झोक्यावरच्या स्त्रीला मागून एक वयस्कर पुरुष दोरीनं हलवतो आहे आणि प्रियकर झुडपात लपला आहे; तिथे झोकाही दुसऱ्याच्या हातातलं खेळणं होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. झोका आपोआप समतेचा होत नाही, दोरी कोणाच्या हातात आहे हे पाहावंच लागतं. पण हा प्रश्न झोक्यावर विचारता तरी येतो. कोस्टरवर साखळी ओढणारा प्रवाशांच्या नजरेबाहेर असतो. शिवाय लेकींना सासरच्या धाकातून चार दिवस मोकळीक देणारा खेळ प्रेमाच्या उपमेला उणेपणा आणत नाही. उलट त्या उपमेत मैत्रीही येते, आणि ती तिथे हवीच.

आर्थर ॲरन यांनीच नंतर आपल्या सहकाऱ्यांबरोबर जुन्या जोडप्यांवर प्रयोग केले, ते 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. काही जोडप्यांची मनगटं आणि घोटे एकमेकांना पट्ट्यांनी बांधले, आणि हात न वापरता एक उशी दोघांच्या मध्ये धरून, रांगत, चटईवरचा अडथळा ओलांडायला सांगितलं. दुसऱ्या जोडप्यांना संथ, नीरस काम दिलं. पहिल्यांना त्यानंतर आपलं नातं अधिक चांगलं वाटलं. दरी नाही, वेग नाही. नवेपणा होता आणि एकमेकांच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवावी लागत होती. कोस्टरमध्ये शेजारी बसलेली दोन माणसं एकत्र काहीच करत नाहीत, दोघांच्या बाबतीत एकच गोष्ट घडते. त्या चटईवर मात्र एकानं थांबायचं ठरवलं, तर दुसऱ्यालाही थांबावं लागत होतं.